भिंतीपलीकडची सून

६ मार्च, बुधवार

शेजारच्या भिंतीपलीकडे आज पुन्हा कोणीतरी मसाल्याचा छळ मांडला होता. धप्प. मग बराच वेळ काहीच नाही. मग कुणी पाठीमागे लागल्यासारखं धपधपधप, आणि पुन्हा शुकशुकाट. कांदे कुटत होते की खिळे ठोकत होते, देव जाणे. शेवटी मी काठी घेतली आणि भिंतीवर दणादणा ठोकलं. पलीकडे एकदम चिडीचूप.

मलाक्काच्या आमच्या गल्लीत दोन घरांना मिळून भिंत एक. पलीकडे बीबिक लियान नेओ राहतात (वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे बीबिक म्हणतात). नवरा गेल्यावर त्यांनी पुढच्या दिवाणखान्यात टेबलं मांडून खानावळ काढली आणि दारावर पाटी लावली, 'जुन्या वळणाचं न्योन्या जेवण'. जुनं वळण म्हणे! ज्या खानावळीचा बत्ता असा वाजतो, तिथलं वाटण कसं असेल हे मी न खाताच सांगू शकतो. जन्मभर पियानो जुळवले आहेत मी. डोळे दगा देतील, माझा कान देणार नाही.

किएत म्हणाला, "पपा, कशाला शेजाऱ्यांशी भांडण? त्या म्हाताऱ्या झाल्यात आता." मी म्हटलं, उद्या पुन्हा असं ऐकू आलं तर सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहणार आहे. पोरगा एवढा दचकला की हातातली कॉफी टायवर सांडली.

९ मार्च, शनिवार

आज काहीतरी अघटित झालं. किएत विम्याच्या कचेरीत जायला निघाला (हल्ली शनिवारीही बोलावतात), मी कॉफी घेऊन भिंतीशी बसलो, आणि पलीकडे बत्ता सुरू झाला.

पण काय सुरू झाला! दोन जड, एक हलका, मग खलाच्या कडेने एक फिरकी. पुन्हा दोन जड, एक हलका, फिरकी. आधी कोरडा आवाज, आल्यासारख्या गलांगलचा आणि गवती चहाचा. मग मिरच्या पडल्या तसा जरा ओलसर. मग छोटे कांदे, आणि शेवटी आवाज असा मऊ झाला की वाटण लोण्यासारखं झालं असणार, पैज लावतो. कुठे घाई नाही, कुठे आळस नाही.

आम्हा मलाक्काच्या चिनी वंशाच्या बाबा-न्योन्यांच्यात सून पाहण्याआधी ऐकायची असते. माझी आई गेक चूच्या घरी गेली तेव्हा बाहेरच्या बाकावर चहा घेत बसून राहिली, आतला बत्ता ऐकला, आणि मुलगी न पाहताच घरी येऊन म्हणाली, "होक, ठरलं. मुलगी शांत आहे, चिवट आहे आणि कुणाचं ऐकायची नाही." तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

गेक चूला जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून आमच्या घरात बत्ता वाजला नाही. बापलेक बाहेरून पाकिटं आणून खातो.

ऐकता ऐकता डोळ्यांतून पाणी आलं. पलीकडे सुक्या कोळंबीचं बेलाचान भाजत असणार, त्याचा धूर डोळ्यांना लागतो.

११ मार्च, सोमवार

आज दुपारी मी शेजारी जेवायला गेलो. सकाळी किएतला सांगितलं तर तो हात धुऊन मागे लागला. "तुम्हाला नाही आवडायचं तिथलं. तिखट असतं. गर्दी असते. खुर्च्या टोचतात." मी म्हटलं, "तू कधी जेवलास तिथे?" तर म्हणतो, "ऐकलंय."

खुर्च्या टोचतात हे मात्र खरं. शिंपल्यांची नक्षी केलेल्या काळ्या लाकडी खुर्च्या आमच्या पूर्वजांनी पाहुण्यांनी लवकर उठावं म्हणूनच केल्या असाव्यात. बीबिक निळ्या केबाया पोलक्यात, केसांचा अंबाडा घालून समोर येऊन उभ्या राहिल्या.

"अगं बाई, होक! भिंत ठोकून पोट भरलं नाही वाटतं?"

"बीबिक, मी चव बघायला आलोय."

"बघ की. पण आधी सांगते, माझ्याकडे तक्रार ऐकून घ्यायची पद्धत नाही."

वाढायला योक लिन नावाची मुलगी होती, इपोहकडची. तिने कोंबडी आणि केलुआक आणलं. केलुआकच्या त्या काळ्या बिया म्हणजे खानावळीची परीक्षा. नीट भिजवून, धुऊन घेतल्या नाहीत तर विष, आणि आतला गर काढून वाटून पुन्हा भरला नाही तर नुसता चिखल. मी लहान चमच्याने पहिली बी कोरली, गर भातावर घेतला आणि बोटांनी कालवला.

माझ्याकडे एक वाक्य तयार होतं. 'प्रयत्न बरा आहे' असं म्हणायचं ठरवून आलो होतो. ते वाक्य तसंच राहिलं. पहिल्या घासानंतर मी ताट संपेपर्यंत वर पाहिलं नाही. मान वर केली तर बीबिक टेबलाशीच उभ्या.

"काय रे, मीठ कमी पडलं का?"

"कुटतं कोण तुमच्याकडे?"

बीबिकनी आतल्या पडद्याकडे पाहिलं. योक लिनने तोंडावर हात ठेवला आणि पाण्याचा जग घेऊन पळाली. मी तिची नखं पाहून घेतली, लांबसडक आणि गुलाबी रंगवलेली. ही ती नव्हे. कुटणारी आत आहे, पडद्यामागे.

१४ मार्च, गुरुवार

दोन काळज्या.

एक, किएतच्या बोटांची टोकं पिवळी झाली आहेत. पोरगा चोरून सिगारेट ओढतोय. मी सरळ विचारलं तर म्हणाला, "फायलींचा रंग लागतो, पपा." विमा कंपनीच्या फायलींना एवढा रंग? शिवाय संध्याकाळी घरी येतो तो घामाने निथळत. म्हणे व्यायामशाळेत जातो. जात असेलही. दंड भरलेत खरे.

दोन, गेक चूचा दगडी खल स्वयंपाकघरातून गायब आहे. फरशीवर नुसता गोल डाग राहिलाय. किएत म्हणतो, टाकी लावायला दिलाय. तीन वर्षं त्या खलाकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही, आणि आताच याला टाकी लावायचं सुचलं. बरं आहे म्हणा. सून आली की लागेलच.

हो, ठरवलंय मी. वहीत लिहायला काय हरकत आहे? जी पलीकडे कुटते तीच माझी सून. किएत बत्तीस वर्षांचा झाला. चांगली नोकरी आहे, टाय लावून जातो, त्याला नाही कोण म्हणेल? गंमत म्हणजे तो घरातून बाहेर पडतो आणि जरा वेळाने पलीकडे बत्ता सुरू होतो. रोज थोडक्यात हुकतो बिचारा. एकदा कानावर पडला असता तर मला इतकी खटपट करावी लागली नसती.

१८ मार्च, सोमवार

आज मुद्द्याचं बोललो. बदकाचं आंबटसर सूप संपवलं, काकडी आणि मिरचीचं सांबाल संपवलं आणि बीबिकना समोर बसवलं.

"बीबिक, तो आतला हात मला माझ्या घरात हवाय."

त्यांनी टेबलावरची वाटी बाजूला सारली.

"कुठला हात?"

"कुटणारा. माझ्या किएतसाठी. तुमची भाची आहे की पुतणी, मला काही फरक पडत नाही."

बीबिकना ठसका लागला. योक लिनने पाठीवर थापट्या मारल्या, तर तीही हसत होती. हल्लीच्या मुलींना कशाचंही हसू येतं. डोळे पुसून बीबिक म्हणाल्या, "हात सोन्यासारखा आहे रे. पण घरून अडचण आहे."

"कसली?"

"बाप. फार हेकट. आपल्याला लई कळतं असं वाटतं त्याला. हे असलं खानावळीतलं काम त्याला पटायचं नाही, म्हणून त्याला पत्ताच लागू दिलेला नाही."

"म्हणजे बापाला माहीतच नाही?"

"कानाशी वाजतंय तरी माहीत नाही."

मला रागच आला. म्हटलं, "बीबिक, असा हात अडवणारा बाप गाढव आहे. माझी गाठ घालून द्या त्याच्याशी, मी त्याची समजूत काढतो."

"काढशील?"

"शब्द देतो."

मग त्या जरा गंभीर झाल्या. म्हणाल्या, "होक, माझ्या खांद्यात आता बत्ता उचलायची ताकद नाही. हा हात राहिला तर खानावळ त्याच्या हवाली करून मी निवांत पत्ते खेळणार. बापाने मोडता घातला तर पाटी उतरवायची. मिक्सरमधलं वाटण मी माझ्या दारात वाढणार नाही."

घरी येऊन बराच वेळ भिंतीशी बसलो. तो आवाज बंद झाला तर?

१९ मार्च, मंगळवार

किएतला सांगितलं, तुझ्यासाठी मुलगी ऐकली. तो म्हणाला, "पाहिली?" मी म्हटलं, "ऐकली. शेजारी कुटते ती." त्याच्या नाकातून सूप बाहेर आलं. इतकी लाज बरी नव्हे. मग म्हणाला, "पपा, समजा मी म्हटलं की मला ती नोकरी आवडत नाही..." मी म्हटलं, नोकरीचं नंतर, आधी लग्न. तो उठून हात धुवायला गेला.

३१ मार्च, रविवार

चेंग बेंग, पितरांची थडगी साफ करायचा सण. सकाळीच टेकडीवर गेलो. गेक चूच्या थडग्यावरचं गवत काढलं. किएतने नावावर सोनेरी रंग भरला. नैवेद्य मात्र यंदा पाकिटातला नव्हता. तो शेजारच्या खानावळीतून डबा घेऊन आला होता, केलुआक आणि पोंगतेहचा रस्सा. मी म्हटलं, शहाणा झालास.

डबा मांडताना तो हळूच आईला म्हणाला, "बघ, जमलंय का." रंगाबद्दल म्हणत होता. दोन अक्षरांबाहेर गेला होता थोडा, पण बरा जमला होता.

तो पाणी आणायला गेला तेव्हा मीही तिच्याशी दोन शब्द बोललो. म्हटलं, गेक चू, तुझ्यासारखी कुटणारी सापडली आहे. अगदी तुझ्यासारखी, ती फिरकीसुद्धा. आता किएतची काळजी करू नकोस. आणि माझीही. मला तुझी आठवण येते, हे तुला घरी कधी सांगता आलं नाही, कारण तू घरीच असायचीस.

उदबत्ती विझल्यावर आम्ही तिथेच बसून जेवलो. किएतने माझ्या ताटात जास्तीच्या बिया घातल्या आणि मी खाताना माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. म्हटलं, "काय बघतोस?" म्हणाला, "काही नाही. आवडलं ना?" जसं काही त्यानेच केलं होतं.

३ एप्रिल, बुधवार

बत्ता बंद आहे. कालही नव्हता, आजही नाही. त्यात किएत मनगट बांधून घरी पडलाय. कचेरीत फायलींचं कपाट अंगावर आलं म्हणे. संकटं जोडीनेच येतात.

न राहवून शेजारी गेलो. बीबिक म्हणाल्या, "हात मुरगळलाय रे. चेंग बेंगची गर्दी, रात्रंदिवस कुटावं लागलं."

मी ताबडतोब घरून जायफळाच्या तेलाची बाटली आणली, गेक चू वापरायची ती, आता दुकानात मिळत नाही. बीबिकच्या हातात दिली आणि म्हटलं, तिला सांगा, जेवणानंतर चोळायचं, वाऱ्यात फिरायचं नाही, आणि घाई करायची नाही. खानावळ गेली खड्ड्यात, हात महत्त्वाचा.

"हे सगळं असंच्या असं सांगू?" त्यांनी विचारलं.

"असंच्या असं. सासऱ्याने सांगितलंय म्हणा."

संध्याकाळी किएतच्या मनगटालाही तोच वास येत होता. म्हणजे पोराने कुठूनतरी तसलीच बाटली शोधून काढली. आईची निवड विसरला नाही, याचं बरं वाटलं. आज तो माझ्याशी फार मायेने वागला. उगीचच पाय चेपून दिले.

७ एप्रिल, रविवार

आता सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर डोक्यात गोंधळ होईल.

काल पलीकडे पुन्हा बत्ता वाजला. मी ठरवलं, बस्स, उद्याच बोलणी. आज बाटिकचा शर्ट घातला, विड्याचं चांदीचं तबक घेतलं, आणि रुमालात गुंडाळून गेक चूचा केरोसांग. केबायाला बटणं नसतात, तीन पिनांच्या साखळीने तो पुढे मिटतात. तिची ती साखळी मी सुनेसाठी जपून ठेवली होती. किएतला (आता रविवारीही बोलावतात) म्हटलं, कामावरून थेट शेजारी ये. तो म्हणाला, "मी तिथेच असेन, पपा." आवाज जरा चिरका होता.

बीबिक आज निळं सोडून जांभळ्या केबायात होत्या. आत बत्ता चालू होता, दोन जड, एक हलका, फिरकी. मी तबक टेबलावर ठेवलं.

"बीबिक, मला आत जाऊ द्या."

"जा. पण दिलेला शब्द दाराशी काढून ठेवू नकोस."

मी पडदा सारला.

माझ्याकडे पाठ करून ठेंगण्या पाटावर एक पुरुष बसला होता. वाटणात पडू नये म्हणून त्याने टाय खांद्यावरून मागे टाकला होता. निळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. मीच घेऊन दिला होता, विमा कंपनीत लागला तेव्हा. समोरचा खल कडेला एका ठिकाणी फुटलेला. तो फुटला त्या दिवशी गेक चूने मला दिवसभर दोष दिला होता.

बत्ता थांबला. किएत मागे न पाहताच म्हणाला, "म्हटलं होतं ना, मी तिथेच असेन."

मी काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. नोकरी कधी सोडलीस, तर म्हणे चिनी नववर्षाच्या सणानंतर. तेव्हापासून हा गृहस्थ टाय बांधून आमच्या पुढच्या दाराने निघत होता आणि गल्लीला वळसा घालून बीबिकच्या मागच्या दाराने आत शिरत होता. मी म्हटलं, आपल्याकडचे पुरुष चुलीपाशी बसत नाहीत. मी म्हटलं, लोकांना काय सांगू? मी म्हटलं, विमा कंपनी! टाय!

बीबिक पडद्यात उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "होक, असा हात अडवणारा बाप कोण असतो, असं म्हणाला होतास माझ्या टेबलावर?"

मी पुन्हा टायकडे बोट दाखवलं.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," त्या म्हणाल्या. "मी काय करू? तू इतक्या हौसेने वळसा घालत होतास, मला थांबवावंसं वाटेना."

योक लिन भिंतीला टेकून लाल झाली होती. खूप हसायला येत होतं तिला, पण आज तिने हसू दाबलं.

"आधीचं ते कोण कुटत होतं?" मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

योक लिनने हात वर केला. किएत म्हणाला, "तुम्ही काठी ठोकलीत ना, आणि म्हणालात की स्वयंपाकघरात येऊन उभा राहीन. मग मीच घेतला हातात. घरून खलही आणला. म्हटलं, चांगलं वाजलं तर पपा यायचे नाहीत."

"आणि शिकलास कुठे?"

"ममाजवळ बसून. तुम्हाला वाटायचं मी स्वयंपाकघरात अभ्यास करतो."

मी त्याच्या शेजारी खाली बसलो. गुडघे कुरकुरले, पण बसलो. त्याची पिवळी बोटं पाहिली. हळद. मनगटावर अजून जायफळाचा वास होता. माझा कान फसला नव्हता. मला तो आवाज ओळखीचा वाटला कारण तो माझ्याच घरचा होता. तीन वर्षं मी समजत होतो की तो तिच्याबरोबर गेला.

"कुट," मी म्हटलं.

"पपा..."

"कुट म्हणतो ना. मिरच्या अजून राहिल्यात."

त्याने बत्ता उचलला. दोन जड, एक हलका. फिरकीच्या वेळी त्याचा एप्रन गळ्याशी सुटला, बंद तुटलेला होता. मी रुमाल सोडला आणि गेक चूचा केरोसांग तिथे लावून दिला. पिना लावायला मला वेळ लागला, कारण दिसत नव्हतं.

"लोक हसतील, पपा."

"हसू देत. ज्यांना कान आहेत ते नाही हसणार."

मग बाहेर येऊन त्या टोचणाऱ्या खुर्चीवर बसलो आणि ओरडलो, "ए, कोणी वाढतंय का इथे?" माझा मुलगा वाढायला आला, छातीवर आईच्या तीन पिना. विडा बीबिकनी खाल्ला. म्हणाल्या, पत्ते खेळायला उद्यापासून ये.

९ एप्रिल, मंगळवार

आज किएत टाय न लावता गेला. मी कॉफी घेऊन भिंतीशी बसलो. शेवटी शेवटी त्याने जरा घाई केली, तशी मी काठीने हळूच ठोकलं. बत्ता सावकाश झाला. पलीकडून ओरडला, "कळलं, पपा!"

नंतर तो जुना धप्प पुन्हा ऐकू आला. मग कोणाचं तरी हसणं, मग किएतचे ठोके, मग पुन्हा धप्प. योक लिनला शिकवतोय म्हणे. मदतीला माणूस हवंच. तिने ती एवढी जपलेली नखं कापून टाकलीत. का, कोण जाणे, हौसेने वाढवली होती. शिकायला वेळ लागेल तिला, पण किएत एरवी इतका उतावळा, तिच्या बाबतीत भारी धीर धरतो.

माझं काम मात्र पुन्हा मूळपदावर आलं. सून शोधायची राहिलीच. कान उघडे ठेवले आहेत, पण भिंतीपलीकडे तरी तसं कोणी दिसत नाही.